फ्रिजवरची चिठ्ठी

तौनो,
खालचं कुलूप अडतं. दार जरा ओढून घे, मग किल्ली फिरव.
बूट बाहेर काढ.
पिहला खिडकीशी दिसली नाही तर घाबरू नकोस,
काचेतून उणे एकवीस आत झिरपतं,
म्हणून तिचा पिंजरा कपाटापाशी, उंच स्टुलावर.
वरून जे येतं ते तिला घारच वाटतं.
तू ताडमाड. वाकून ये.

दिवे सकाळी आठला आपोआप लागतात.
ओउलूचा सूर्य साडेदहाला उगवतो, दोनला जातो,
तिचा दिवस बारा तासांचा, येमेनच्या डोंगरातला.
लांब नळी परवाच बदलली.
जुनी अजून लख्ख पेटत होती,
पण हाडांना जे लागतं ते तिच्यातून कधीच विझलेलं,
आणि डोळ्यांना पत्ता लागत नाही.
हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं.
तेव्हा उर्हो होता. त्याचे पाय कोपरात वाकत गेले,
मी समजत होते, म्हातारा झाला.

वाटीत पाणी ठेवू नकोस.
साचलेलं पाणी तिला पाणी वाटतच नाही.
थेंब हलायला हवा, पानाच्या टोकाशी लोंबायला हवा.
वरच्या बाटलीला सुईचं भोक आहे,
सकाळी एकदा, दुपारी एकदा भर.
मग पानं वाळू दे. सतत ओल तिच्या छातीत बसते.

रातकिडे सौनात आहेत.
(तो मी आता तापवत नाही.)
डिसेंबरात रात्रभर किरकिर चालणारं घर
या जिन्यात दुसरं नाही.
पाच पुरेत. पांढऱ्या भुकटीत घोळव,
मुइक्कू तळताना पिठात घोळवतोस तसे, पण हलक्या हाताने.

हातात घेऊ नकोस. ती चढेल,
तुला माया वाटेल;
तू फक्त एक ऊबदार फांदी असशील.

रंग बदलतो त्याला लोक नावं ठेवतात.
मी एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले,
एकच चेहरा, सोमवार ते शुक्रवार.
हिला ते जमत नाही. थंडी वाजली की काळवंडते,
राग आला की पट्टे, झोपली की फिकट, जवळजवळ पांढरी.
आणि आता बघ: गडद हिरव्यावर निळे, पिवळे ठिपके.
अंडी आहेत.
नर नाही, कधीच नव्हता. तरी येतात.

म्हणून ती खालची बादली. वाळू ओलसर ठेव,
मुठीत आवळली की आकार धरेल इतकी.
कालपासून ती उतरतेय, चाचपतेय, परत वर जातेय.
खणायला लागली की पुढून चादर सोड
आणि खोलीबाहेर जा.
कोणी बघतंय असं वाटलं तर ती थांबते,
अंडी आत राहतात,
आणि आत राहिली तर ती जाते. इतकं सोपं आहे ते.
दोन दिवस लागले तर लागू दे.
मातीने माखून, बारीक होऊन वर आली
की बाटली दोनदा जास्त भर.
दिवसा डोळे मिटलेले दिसले, किंवा खोल गेलेले,
तर मला विचारत बसू नकोस,
डॉक्टरीणबाईंचा नंबर खाली आहे.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
कुंपण मी घातलंय, तौनो,
तेव्हा धाव कमी पडली तर तो हिशेब माझा.

मी हेलसिंकीला भाचीकडे.
आठ दिवस पालथं पडायचं,
डोळ्यात हवेचा बुडबुडा, मान खाली,
सुटलेला पडदा परत चिकटेपर्यंत.
वर बघायचं नाही म्हणाले.
फोन मात्र उचलेन. काय दिसलं ते सांगू नकोस,
तू बघितलेलंच नसेल.
चादरीच्या अलीकडे उभा राहा,
फोन तिकडे धर,
वाळू सरकतेय का
मला ऐकू दे.

हेल्वी

(दूध उघडलेलं आहे. संपव.)